आजोबांच्या चाली, नातवाची गिटार

(जुन्या रेकॉर्डची खरखर. मग व्हायोलिन.)

हे व्हायोलिन सालेह अल-कुवैतीचं. गातोय तो धाकटा भाऊ, दाऊद. ऊद हे अरबी तंतुवाद्यही त्याचंच.

कुवेतमध्ये स्थायिक झालेलं इराकी ज्यू व्यापाऱ्यांचं घर. पोरं आठ-दहा वर्षांची असताना घरातले एक वडीलधारे व्यापारासाठी हिंदुस्थानात गेले आणि येताना ही दोन वाद्यं घेऊन आले. पुढे भावांनी बगदाद गाठलं. सालेहनं गायिका सलीमा मुरादसाठी एक गाणं बांधलं : तुझं काळीज म्हणजे नुसता पाषाण. १९३२ साली इजिप्तची विख्यात गायिका उम्म कुलथुम बगदादला आली, ते गाणं तिला इतकं भावलं की तिनंही ते गायलं. कैरोची ही सम्राज्ञी बाहेरच्याची चाल सहजी गळ्यावर घेणारी नव्हे! १९३६ साली इराकी रेडिओ सुरू झाला, तेव्हा वाद्यवृंद उभा करायचं काम सालेहकडेच आलं.

१९५१ मध्ये, लाखभर इराकी ज्यूंच्या लोंढ्यात, दोघं भाऊ इस्राएलला आले. तिथं अरबी ही शत्रूची भाषा. रेडिओच्या अरबी कार्यक्रमात वाजवायचं आणि पोटासाठी तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत घरसामानाचं दुकान चालवायचं, असं आयुष्य. तिकडे इराकमध्ये गाणी वाजतच राहिली, पण त्यांवरची नावं पुसली गेली. आता ती नुसती ‘लोकगीतं’ होती.

मुलांनी गाण्याबजावण्याच्या वाटेला जाऊ नये, असं दाऊदनं बजावलं होतं. १९७६ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी नातू जन्मला. नाव आजोबांचंच, लाडक्या रूपात : दूदू तास्सा.

(गिटार. त्याखालून तीच खरखर.)

हिब्रूत रॉक गाणाऱ्या दूदूनं २०११ मध्ये आजोबांची गाणी अरबीतच गायली. जुन्या ध्वनिमुद्रणांतला आजोबांचा आवाज काही ठिकाणी तसाच ठेवला आणि त्याभोवती ड्रम, चेलो, गिटार उभी केली. काही गाण्यांत आईलाही गायला लावलं. म्हणजे ज्या घरात गाण्याला बंदी, त्या घराच्या तीन पिढ्या एकाच रेकॉर्डवर.

मग रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवूड सोबत आला. २०२३ चा त्यांचा अल्बम ‘जारक क़रीबक’. नऊ प्रेमगीतं, एक दूदू स्वतः गातो, बाकी गाणारे अरब जगातले. ‘जीत निशरब’ हे अल्जीरियाचं गाणं, ते गातो इजिप्तचा अहमद दोमा. एका देशाचं गाणं दुसऱ्या देशाच्या तोंडी. बऱ्याच गायकांनी आपापल्या गावी गाऊन आवाज पाठवले. हे ऐकताना दोन पट्ट्यांमधले ते स्वर टिपा. आपल्या पेटीवर काही श्रुती सापडत नाहीत ना, तसेच हे स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध राहतात. गिटारवाल्याला तिथं अदबीनंच शिरावं लागतं.

प्रेमगीतं असली म्हणून कुणी सोडलं नाही. गाझातल्या युद्धाच्या काळात इस्राएलविरोधी बहिष्काराची हाक आली, आणि जून २०२५ मधले ब्रिस्टल व लंडनचे कार्यक्रम रद्द झाले. सभागृहांना धमक्या आल्याचं दोघांनी सांगितलं. बहिष्कार मागणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं : एकत्र गाणं दाखवून युद्धावर पांघरूण घालू नका.

हातिक्वा वस्तीत २००९ पासून एका रस्त्याला अल-कुवैती भावांचं नाव आहे. अल्बमवरही प्रत्येक गाण्यापुढे गायकाचं नाव छापलंय. नूर फ्रेतेख. कर्रार अस्सादी. सफा एस्साफी.

एका गायिकेचं मात्र नुसतं ‘लिन ए.’ आडनावाच्या जागी एकच अक्षर.