अंक आधी आतून पाहा

मित्रहो, 'द इन्क्रेडिबल हल्क' या अमेरिकन कॉमिकचा १८१ वा अंक तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. नोव्हेंबर १९७४ चा. आदल्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत वुल्व्हरिन या पुढे गाजलेल्या सुपरहिरोने नुसतं तोंड दाखवलं होतं, १८१ मध्ये तो पहिल्यांदा पुरता आला. त्या काळात मार्व्हल या प्रकाशकाच्या अंकांत आतल्या पानावर तिकिटासारखं एक छोटं चित्र छापलेलं असे. ते कापायचं, जपून ठेवायचं, संच पुरा करायचा. मुलांनी ते आनंदाने कापलं, आणि का कापू नये? अंक त्यांचाच होता. पण आज या अंकाच्या बऱ्यापैकी प्रतीला हजारो डॉलर मिळतात आणि ते चित्र कापलेलं असेल तर भाव पार कोसळतो. मुखपृष्ठाकडे तासभर बघत बसलात तरी आत कात्री लागली आहे की नाही, ते कळणार नाही.

मला हे फुकट कळलेलं नाही. त्याच वर्षांतला दुसरा एक अंक मी ऑनलाइन घेतला होता. चार फोटो होते: पुढून, मागून, कण्याचा आणि पिनांचा. सगळं झकास. पार्सल आलं, मी पानं उलटत वाचकांच्या पत्रांपर्यंत आलो आणि तिथे पानाला चौकोनी खिडकी! तिच्यातून पुढच्या पानावरच्या जाहिरातीची अक्षरं दिसत होती. विक्रेत्याला कळवलं, तर तो म्हणाला, 'अंक पूर्ण आहे असं मी कुठे लिहिलं होतं?' खरंच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून पैसे पाठवण्याआधी मी लेखी विचारतो. सगळी पानं आहेत का? काही कापलंय का? मधलं जोडपान दोन्ही पिनांना धरून आहे का? कुठे रंग भरलाय का, कडा छाटल्यात का? आणि एक फोटो मागतो, अंक ज्या प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला असतो तिच्यातून बाहेर काढून, तिरप्या उजेडात. समोरून फ्लॅश मारला की कण्यावरच्या बारीक चिरा दिसेनाशा होतात, बाजूने उजेड पडला की एकूण एक दिसतात. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून मी घेत नाही, अंक कितीही हवाहवासा असो.

आता कुणी म्हणेल, मग ग्रेड केलेला, म्हणजे गुण दिलेला, बंद डबीतलाच घ्यावा. २००० पासून सीजीसी या अमेरिकन कंपनीने हे काम सुरू केलं आणि बाजार बदलून टाकला. तिऱ्हाईत माणूस अंक तपासतो, ०.५ ते १० मध्ये गुण देतो आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करतो. लेबल निळं असेल तर सहसा दुरुस्ती आढळलेली नसते, जांभळं असेल तर कुणीतरी रंग-कागद लावून प्रत सुधारली आहे. मोठी रक्कम मोजताना हा आधार मला हवाच वाटतो. तरीही लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून पाहा आणि डबीच्या कडा निरखा, कारण डब्या उघडून आतला अंक बदलण्याचेही प्रकार झाले आहेत. मात्र नव्या अंकांच्या बाबतीत ९.६ आणि ९.८ मधल्या फरकासाठी लोक जे पैसे ओततात ते मला पटत नाही. तो फरक नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतो. शिवाय डबीतला अंक वाचता येत नाही, त्या जुन्या कागदाचा वास घेता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि हे मी मनापासून सांगतोय.

भाव कशाने चढतो? नुसत्या वयाने नाही. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅन पहिल्यांदा आला तो, १९३८ मध्ये १० सेंटला मिळत होता. २०२४ मध्ये त्याची ८.५ ग्रेडची प्रत ६० लाख डॉलरला गेली. कारण त्या पिढीने अंक वाचले, चुरगाळले, फेकले, युद्धाच्या काळात रद्दीत दिले, म्हणून उरले फार थोडे. उलट १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक घ्या. दुकानदारांनी ८० लाखांहून जास्त प्रती मागवल्या, आणि पुढे सोनं होईल म्हणून लोकांनी त्या न वाचता जपल्या. सुपरमॅनच्या मृत्यूचा काळ्या पिशवीतला अंक १९९२ च्या शेवटी आला, त्याचंही तेच. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला भाव कुठून येणार? ही लाट ओसरली तेव्हा कित्येक दुकानं बुडाली आणि १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. आजही कुणीतरी खोकं घेऊन येतं, त्यात हे अंक कोरे करकरीत असतात, आणि आणणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते. त्याला खरं सांगा, पण हळुवारपणे सांगा.

ऑनलाइन भाव बघताना मागितलेली किंमत सोडून द्या. कुणीही काहीही मागू शकतो. विकल्या गेलेल्या अंकांची यादी उघडा, त्याच ग्रेडचे अलीकडचे पाच-सहा सौदे पाहा, त्यात टपालखर्च धरा.

कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेत, गोष्ट निराळी. तिथे अंक हातात येतो! पण विचारल्याशिवाय पिशवीतून काढू नका. काढताना झाकणाची चिकटपट्टी आधी पूर्ण सोडवून पिशवीच्या मागे दुमडा. नाहीतर अंक सरकवताना ती पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगाचा पापुद्रा घेऊनच सुटते. माझ्या समोर एका मुलाच्या हातून हे झालं. साठ वर्षं सांभाळलेला कागद एका क्षणात गेला. त्याचा आणि टेबलामागच्या बाईंचा, दोघांचाही चेहरा मी विसरलेलो नाही.

घासाघीस जरूर करा, पण दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून करू नका. चार-पाच अंक एकत्र घ्या आणि 'सगळ्यांचे मिळून किती?' असं विचारा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव सैल होतो, कारण ती जड खोकी परत गाडीत चढवायची असतात. पण खरोखर दुर्मीळ अंक दिसला तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, तो पहिल्या तासातच जातो. तुम्ही व्यापाऱ्याला विकायला गेलात तर तो बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास बोलेल. त्यात अपमान मानू नका. टेबलाचं भाडं, प्रवास आणि कदाचित वर्षभर पडून राहणारा माल, सगळं त्याच्या अंगावर असतं. पूर्ण भाव हवा असेल तर स्वतः फोटो काढा, स्वतः विका.

विकताना मी दोष वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहितो. बांधताना पिशवी आणि पुठ्ठ्यासकट अंक दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवतो. एका पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळी नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल वाकत नाही. पुठ्ठे अंकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठे, आणि बाहेरून पावसासाठी प्लास्टिक. आत एक चिठ्ठी असते. शाईच्या पेनाने लिहीत नाही, शिसपेन्सिलने लिहितो आणि ती पिशवीच्या बाहेर ठेवतो: 'मुखपृष्ठ धरून पानं ३६, मोजली आहेत. चित्र कापलेलं नाही.'