अडकलेला आइस मेकर आणि पाण्याची वाट

मित्रहो, ऐन मे महिन्यात मला बर्फाविषयी बोलायला बोलावले, याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान सोसलेले आहे, तेव्हा नागपुरात बर्फाला कोणी चैन म्हणणार नाही.

तीन वर्षांपूर्वी नवतपा सुरू असतानाच आमच्या घरच्या फ्रीजमधला आइस मेकर अडकला. ट्रेमधल्या बर्फाच्या वड्या एकमेकींना चिकटून त्यांची एकच लादी झाली होती आणि ती बाहेर पडत नव्हती. मी शहाणपणा करून पेचकसाने ती लादी उचकटायला गेलो आणि ट्रेचा एक कोपरा तोडून बसलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने ट्रेकडे फारसे पाहिलेच नाही. त्याने फ्रीज पुढे ओढला, मागची पाण्याची नळी हातात धरली आणि विचारले, “काका, तुमची टाकी किती उंचावर आहे?” आजचे माझे सारे म्हणणे त्या एका प्रश्नात आले आहे. अडकलेला आपल्याला बर्फ दिसतो. पण दोष बहुधा पाण्याच्या वाटेत, त्याच्या दाबात, प्रमाणात किंवा क्षारांत असतो.

आइस मेकरचे काम थोडक्यात असे चालते. फ्रीजच्या मागे विजेने उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो ठरावीक सेकंद उघडतो, पाणी नळीतून ट्रेमध्ये येते, उणे अठरा अंशांच्या आसपासच्या हवेत गोठते, आणि बर्फ तयार झाल्याचे संवेदकाने कळवले की यंत्र वड्या बाहेर काढते. काही यंत्रांत मोटर प्लॅस्टिकचा ट्रे उलटा करून पिळते. काहींत धातूचा साचा खालून किंचित तापवला जातो आणि फिरणारे दाते वड्या बाहेर ढकलतात. या दुसऱ्या प्रकारात दाते बर्फाला टेकून काही मिनिटे थांबलेले दिसतात. तो बिघाड नव्हे. वडीची साच्याला लागलेली बाजू सुटण्याची ते वाट पाहत असतात, आणि त्या वेळी घाईने त्यांना हाताने फिरवणारा माणूस आतले गिअर मोडतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. असा व्हॉल्व्ह नीट बंद होण्यासाठी पाण्याच्याच दाबाची मदत घेतो. पुष्कळ यंत्रांना किमान सुमारे १.४ बार दाब लागतो, आणि पाण्याचा तेवढा दाब मिळायचा तर टाकी नळीच्या चौदा मीटर वर हवी. आमचे स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर आणि टाकी त्याच्याच गच्चीवर, म्हणजे उंची जेमतेम चार मीटर, दाब ०.४ बार. त्यात मध्ये आरओचे यंत्र असले आणि त्याला पुढे पंप किंवा दाबाची टाकी नसली, की उरलेला दाबही जातो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, पाणी थेंबथेंब झिरपत राहते, आणि फ्रीजरमधल्या नळीच्या तोंडाशी ते गोठून बुच बसते. बुच बसण्याआधी जे थेंब ट्रेमध्ये पोचतात, ते तो काठोकाठ भरतात. दोन वड्यांमधल्या भिंतीला पाणी पलीकडे जाण्यासाठी खाच असते, म्हणून वड्यांमध्ये पातळसा पूल नेहमीच असतो. पाणी जास्त झाले की तो पूल जाड होतो, आणि वड्या सुट्या पडण्याऐवजी लादी तयार होते. आमची लादी अशी घडली होती.

बोअरच्या पाण्याचे दुखणे वेगळे. आपल्या शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, आणि त्यातले पाणी किती जड असते हे ज्यांच्या कूलरच्या जाळ्यांवर पांढरे थर चढतात त्यांना सांगायला नको. तोच थर व्हॉल्व्हच्या तोंडाच्या बारीक जाळीत बसतो आणि पाणी कमी येते. वड्या पोकळ किंवा चिमुकल्या निघू लागल्या, तर प्रथम ती जाळी काढून कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी.

प्रत्यक्ष दुरुस्तीत पहिली गोष्ट प्लग काढण्याची, दुसरी पाण्याचा कॉक बंद करण्याची. त्यानंतर सुरी, पेचकस, बत्ता यांपैकी काहीही हाती घेऊ नये. फ्रीजरच्या भिंतीमागे गॅसच्या नळ्या असतात, आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमधला आयसोब्युटेन वायू ज्वलनशील असतो, आणि एका छिद्राने हजारोंचा खर्च ओढवतो. नळीतले बुच सोडवायला सुई काढलेली मोठी सिरिंज उत्तम: कोमट पाणी तोंडाशी थोडे थोडे सोडावे, खाली फडके धरावे आणि वितळलेले पाणी टिपत जावे. उकळते पाणी मात्र नको, कारण थंडीने कडक झालेले प्लॅस्टिक त्याने तडकते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी लागतात, म्हणून धीर धरावा. दहा-पंधरा मिनिटे फार नाहीत.

खालच्या डब्यात वड्यांचा गठ्ठा होण्याचे कारण साधे आहे. दुपारी वीज गेली, किंवा पाहुण्यांसाठी दार पुन्हा पुन्हा उघडले, की वड्यांचा वरचा थर ओला होतो आणि वीज येताच त्या जुळतात. बर्फाचे दोन ओले तुकडे टेकवले की एकजीव होतात, हे मायकेल फॅरडेने १८५० मध्ये लंडनच्या व्याख्यानात सांगितले होते. आमच्या डब्यात तो प्रयोग दर मे महिन्यात आपोआप होतो. डबा काढून मोरीत धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि मगच बसवावा. ओला डबा बसवला तर तोच तळाशी गोठतो. वीज वारंवार जात असेल, तर दोन-तीन दिवसांनी डबा हलवून वड्या सुट्या कराव्यात.

डबा भरल्याची खूण देणारी लहान दांडीही तपासावी. एखादी वडी तिच्याखाली अडकून ती वरच राहिली, तर डबा भरला आहे असे समजून यंत्र मुकाट्याने थांबते, आणि घरचे लोक दुरुस्तीवाल्याला फोन करतात.

एका भगिनींनी मघाशी विचारले की, एवढे करूनही महिन्याभरात नळी पुन्हा गोठली तर काय? मग दाब मोजून घ्यावा, कमी निघाल्यास छोटा पंप बसवावा, आणि दाब पुरेसा असूनही थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह बदलावा. पुन्हा पुन्हा बुच वितळवण्यात अर्थ नाही. दुरुस्तीनंतर यंत्राला एक दिवस द्यावा, आणि नळीतला गाळ निघून जावा म्हणून पहिल्या दोन खेपांचा बर्फ पिण्याच्या पाण्यात घालू नये. आमच्या घरी तो कूलरच्या टाकीत जातो.