सहीच्या वरचा मजकूर

(नाशिकरोड. इंडिया सिक्युरिटी प्रेसची लांबलचक भिंत. सकाळच्या पाळीची गर्दी.)

पत्र मुंबईच्या चित्रकाराचं असो नाहीतर धारवाडच्या गवयाचं, त्यावरचं तिकीट बहुधा इथलंच. १९२५ साली हा छापखाना उभा राहिला आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं नाशिकरोडला छापली जाऊ लागली. त्यामुळे नाशिककरानं जुनी पत्रं जमवायची म्हणजे घरचाच माल, देशभर हिंडून परत घरी आलेला.

(कालिदास कलामंदिर, प्रयोग सुटल्यावर.)

सह्या जमवणारे दोन तऱ्हेचे. पहिले इथं शालिमारला भेटतात, रंगपटाच्या दाराशी वही उघडून उभे. मेकअप उतरवायच्या घाईतला नट चालता चालता सही करतो. पहिलं अक्षर, पुढे एक लांब रेघ. अशा वह्या पुष्कळ घरांत निघतील. खरं सांगायचं तर त्यांचं मोल वहीच्या मालकापुरतंच.

दुसरे पत्रवाले. पंचवटीतले असे एक संग्राहक आमच्याशी बोलले, नाव मात्र नको म्हणाले. कुणी पत्र दाखवायला आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “आधी पाकीट दाखवा. सही कुठे पळून जात नाही.”

पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, म्हणजे गाव आणि तारीख. आतल्या पत्रावर ‘मंगळवार’ एवढंच लिहिलेलं असलं तरी शिक्का साल सांगून जातो. आणि नेमकं हे पाकीटच लोक आधी फेकतात!

(भिंग. कागदाची घडी. शाईची रेघ जवळून.)

खोटं कसं ओळखायचं? नुसती सही गिरवणं सोपं, दोन पानं त्याच हातानं आणि त्याच ओघात लिहिणं अवघड. कागद जुना असला तरी भुलू नये. जुन्या घडीवरून नव्यानं पेन फिरवलं, तर शाई घडीत उतरून फुटते. तारीख १९३५ ची आणि लिखाण बॉलपेनचं असेल, तर विषयच संपला, कारण बॉलपेन बाजारात आलं ते चाळीसच्या दशकात. सही हातची नसून छापलेली असेल, तर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात.

एवढं करूनही शहाणी माणसं फसतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या व्ह्रँ-ल्युकानं मिशेल शाल या नामवंत गणितज्ञाला हजारो बनावट पत्रं विकली. त्यात क्लिओपात्रानं सीझरला लिहिलेलं पत्रही होतं, चक्क फ्रेंचमध्ये. १८७० साली ल्युकाला शिक्षा झाली. गणितज्ञाला भाषेची शंका कशी आली नाही, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

पत्राला किंमत येते ती मजकुरानं. व्हॅन गॉग आणि गोगॅं यांनी १८८८ मध्ये मिळून लिहिलेलं एक पत्र २०२० साली ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयासाठी २,१०,६०० युरोंना घेतलं गेलं. दोन चित्रकार एका घरात राहताहेत, काम कसं चाललंय ते तिसऱ्या मित्राला कळवताहेत, एकाचं लिहून झाल्यावर दुसरा पुढे लिहितोय. नुसत्या दोन सह्यांना एवढे पैसे कोण देईल?

व्हॅन गॉगची आठशेहून अधिक पत्रं आज हाती आहेत. त्यातली बहुतेक थिओला लिहिलेली, आणि भावानं जपली म्हणून उरलेली. थिओची त्याला आलेली पत्रं मात्र चाळीसच्या आसपासच राहिली.

(नाशिकमधलं घर. माळ्यावरून ट्रंक उतरवली जातेय.)

अशी ट्रंक तुमच्याकडे असेल तर लॅमिनेशनवाल्याकडे धावू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. गंजलेली टाचणी मात्र जपून काढा. पावसाळ्याआधी पत्रं आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा.

विकायचं मनात असेल तर कायदाही बघावा लागतो. दादासाहेब फाळके १९४४ साली नाशिकातच वारले. त्यांचं एखादं पत्र निघालं, तर ते पंच्याहत्तर वर्षांपलीकडचं असणार. ऐतिहासिक मोलाचा एवढा जुना दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो, तो परदेशी ग्राहकाला परस्पर पाठवता येत नाही.

कुसुमाग्रजांचं पत्र असेल तर प्रश्न निराळा. ते गेले १९९९ मध्ये. कागद तुमचा, पण त्यावरच्या शब्दांचा हक्क लेखकाच्या वारसांचा, आणि हयातीत न छापलेल्या पत्रावर तो पहिल्यांदा छापल्यानंतरही साठ वर्षं राहतो. पाहुण्यांना दाखवा, विका, नातवाला द्या. पण पत्र छापायचं असेल तर परवानगी काढा. पंचवटीच्या त्या संग्राहकांनी आम्हालाही पत्रं वाचू दिली, कॅमेऱ्यापुढे धरली ती फक्त पाकिटं.