पितळ उघडं पडेल याची भीती

नमस्कार.

'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' प्रगतिपुस्तकातला हा शेरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. ज्यांनी तो दरवर्षी, दर इयत्तेत, नव्या बाईंच्या अक्षरात वाचला, त्यांच्याशी मला आज बोलायचंय. ही मंडळी आता चाळिशीत आहेत. कुणी टीम लीड आहे, कुणी सीए, कुणी शिक्षिका. मुलाची तपासणी करायला म्हणून डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर मुलाची एकेक लक्षणं विचारत जातात आणि आईच खुर्चीत सावरून बसते, कारण तिला वाटतं, हे तर माझंच वर्णन चाललंय. हे वर्णन एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जन्मतःच्या मेंदूच्या घडणीमुळे अवघड जाण्याचं. प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरलं जातं. म्हणजे या सभागृहातही काही जण असणार. पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'लक्ष लागत नाही' अशी तक्रार घेऊन येत नाहीत. 'मॅडम, एक ना एक दिवस माझं पितळ उघडं पडणार,' म्हणत येतात.

या भीतीचं पहिलं नीट वर्णन पोलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केलं. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून ते आलं. पदव्या होत्या, मान होता, तरी या बायकांना आतून वाटत होतं की आपण सगळ्यांना फसवतोय. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, हे आपण शाळेत वाचलंय. आपण भाऊ नाही, हे त्या तोतयाला पक्कं ठाऊक असणार. माझ्यासमोर बसतात ते याच्या बरोबर उलटे. खरे भाऊसाहेब, आणि रात्रभर जागे, की शनिवारवाड्यात कुणी ओळखू नये म्हणजे झालं.

क्लान्सबाईंनी एक चक्र मांडलं. नवं काम आलं की पोटात गोळा येतो. मग माणूस दोनपैकी एक वाट धरतो. एक तर गरजेच्या तिप्पट तयारी, नाहीतर टाळाटाळ आणि शेवटच्या रात्री झपाटल्यासारखं काम. काम होतं, शाबासकीही मिळते. तिप्पट तयारीवाली म्हणते, 'एवढी राबले म्हणून जमलं, त्यात अक्कल कसली?' शेवटच्या रात्रीवाला म्हणतो, 'या वेळी नशिबाने वाचलो.' दोघांच्याही खात्यावर काहीच जमा होत नाही.

आता यात एडीएचडी घाला. शेवटची रात्र ही या माणसांनी निवडलेली वाट नसतेच. मुदत अंगावर आल्याशिवाय त्यांचं इंजिन सुरू होत नाही. एडीएचडीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली सतत सांगत आले आहेत की इथे अडतं ते ज्ञानापाशी अडत नाही. काय करायचं ते ठाऊक असतं, ते ठरल्या वेळी हातून घडत नाही. प्रयोगशाळेत पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढं साधं काम दिलं तरी यांचा प्रतिसाद एकदा झटकन येतो आणि एकदा फार उशिरा. हा चढउतार संशोधनात पुन्हा पुन्हा सापडला आहे. तोच चढउतार आयुष्यभर पसरलेला असतो. मंगळवारी दोन तासांत अख्ख्या प्रकल्पाचा आराखडा लिहिणारी बाई बुधवारी चार ओळींच्या ईमेलला उत्तर देऊ शकत नाही.

घरचे आणि साहेब याचा अर्थ लावतात की मंगळवारी जमलं, म्हणजे बुधवारी आळस केला. ती स्वतः अर्थ लावते की बुधवारची मी खरी आणि मंगळवार हा योगायोग.

म्हणून नेहमीचा सल्ला इथे लागू पडत नाही. 'तुमच्या यशाची यादी करा, रोज वाचा.' यादी करतात हो! आठवड्यात ती वही हरवते, तो भाग वेगळा. पण खरी अडचण अशी, की त्यांच्याकडे दुसरी यादीही तयार असते. खात्यात पैसे असताना वीजबिल राहिलं आणि लाइन कापली. मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख गेली. भावाच्या साखरपुड्याला अंगठी घरी विसरली. इतरांची पितळ उघडं पडण्याची भीती बहुतेक कल्पनेतली असते. यांचं पितळ थोडंथोडं अधूनमधून उघडं पडलेलंच असतं. अशा माणसाला 'तुझी भीती निराधार आहे' म्हणालात, तर तो मनात म्हणणार, यालाही फसवलं मी.

एक उदाहरण सांगते. ओळख लागू नये म्हणून दोघीतिघींचे तपशील एकत्र केले आहेत. पुण्यात आयटीत, दहा जणांची टीम सांभाळणारी बाई. सगळे म्हणतात, 'हिचं सगळं कसं नीटनेटकं!' ती सकाळी सगळ्यांच्या तासभर आधी येते, कारण आदल्या दिवशीच्या मीटिंगच्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून लिहिल्याशिवाय तिच्या डोक्यात काही राहत नाही. फोनमध्ये गजरांची रांग आहे, पण आवाज बंद ठेवून, नुसता थरथरणारा. शनिवार-रविवारी ती लॅपटॉप उघडते आणि ईमेल सोमवारी सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवते, म्हणजे सुट्टीत काम केल्याचं कुणाला दिसू नये. कौतुक झालं की तिला ते आपलं वाटत नाही. कसं वाटेल? लोक ज्या बाईचं कौतुक करतात, तिला हे काहीच करावं लागत नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही लपवाछपवी. ही माणसं खरोखरच काहीतरी लपवत असतात, त्यामुळे 'मी फसवतोय' ही भावना हवेतून आलेली नाही. मात्र ती नालायकी लपवत नसतात. आपली कामाची रीत आणि तिची किंमत लपवत असतात. म्हणून मी आत्मविश्वासाचे धडे बाजूला ठेवते आणि विचारते, यातलं काय उघड करता येईल?

या बाईने गजर चालू आवाजात ठेवला. मीटिंगच्या शेवटी 'ठरलेलं मी आत्ताच सगळ्यांसमोर लिहून वाचते' म्हणायला लागली. टीमला ते इतकं आवडलं, की आता ती पद्धतच झाली आहे. एडीएचडी हा शब्द तिने ऑफिसात उच्चारला नाही, आणि मी तिला तसा आग्रहही करणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं नाव नाही. निदान सांगायचं की नाही, हे ज्याने त्याने आपला साहेब बघून ठरवावं. 'मला काम तोंडी नको, लिहून द्या' एवढं मागायला निदानाचा कागद लागत नाही. अवघड कामाला शेजारी कुणाला तरी नुसतं बसवायलाही लागत नाही. लहानपणी आई भाजी निवडत बसायची आणि तिच्याजवळ अभ्यास व्हायचा, आठवतंय ना? तेच पन्नाशीत करायला हरकत काय?

निदान झाल्यावर एक नवंच झेंगट सुरू होतं. 'मला खरंच एडीएचडी आहे, की मी रील बघून नाटक करतेय?' लबाड असल्याची भावना निदानालाही सोडत नाही. यावर उपाय रील्समध्ये नाही, नीट तपासणीत आहे. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या, २०१३ च्या डीएसएम-५ च्या, निकषांप्रमाणे बरीच लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात. म्हणून आम्ही जुनी प्रगतिपुस्तकं मागतो, आईला बोलावतो. लक्षणांचे दोन गट आहेत, एक लक्ष न लागण्याचा आणि दुसरा चुळबुळ-उतावळेपणाचा. मुलांना एका गटातली सहा लक्षणं लागतात, मोठ्यांना पाच पुरतात. आणि नैराश्य, चिंता, थायरॉइड, झोप यांमुळेही लक्ष उडतं, तेही तपासावं लागतं. कधी कधी निदान 'नाही' असंही येतं.

मग गोळीचा प्रश्न. 'गोळी घेऊन केलेलं काम माझं कसं?' एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही निरोप पोचवणारी रसायनं जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. ते अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली येत असल्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. कुणाच्या मित्राने दिलेली गोळी कृपा करून घेऊ नका. पण ते तुम्हाला न येणारं गणित शिकवत नाही. येतं ते करायला बसवतं, आणि तेही सगळ्यांना सारखं लागू पडत नाही.

आपल्याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्याचा मला इथे रोज उपयोग होतो. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'बिल भरलं नाही' याला शून्य. त्यावरून 'मी शून्य' कसं निघतं? हे ऐकायला सोपं वाटतं. चाळीस वर्षं उलटं ऐकलेल्या माणसाला जमायला महिने लागतात, आणि परीक्षेच्या दिवशी, नव्या नोकरीत, ते पुन्हा विस्कटतं.

आणि हेही म्हणायला हवं, की प्रत्येक वेळी भीती खोटी नसते. एखादं काम खरंच येत नसेल तर ते शिकायचं, नाहीतर सोडायचं. दिवसभर निव्वळ तपशील जुळवण्याच्या नोकरीत काही जण कुढत राहतात आणि स्वतःला लबाड म्हणवून घेतात. तिथे नोकरी बदलल्यावर निम्मी लक्षणं जातात, असं मी पाहिलंय.

घरातल्यांसाठी एकच सांगते. 'मनावर घेतलंस तर जमतं तुला' हे वाक्य आजपासून बंद. तुम्ही ते प्रेमाने म्हणता, पण त्यांना ऐकू येतं, की बाकीचे दिवस तू मुद्दाम करत नाहीस. त्यापेक्षा विचारा, 'आज कुठे अडलंय? मी शेजारी बसू का?'

प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, नाव घालायची गरज नाही. औषधाच्या डोसबद्दल मात्र इथे विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना सगळंच असह्य झालंय, त्यांनी चिठ्ठीत वेळ घालवू नये, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.