बेथेल: उशाला दगड

(शनिवारची संध्याकाळ. जालन्याबाहेरचा रस्ता, मोसंबीची बाग, धूळ उडवत गेलेली एसटी.)

जालना म्हटलं की सळया आठवतात, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. याच शहराजवळ बेथेल नावाचं गाव आहे. नाव हिब्रू. अर्थ, देवाचं घर.

(चर्चचं दार. मावशी पदर खोचून फरशी पुसताहेत.)

मावशी आधी कोरडं फडकं फिरवतात, मग ओलं. वेदीपुढची फरशी मात्र दोनदा.

बायबलमधल्या बेथेलला हे नाव दिलं ते एका पळपुट्यानं. याकोबानं आधी वरणाच्या बदल्यात थोरल्या भावाचा, एसावाचा, ज्येष्ठपणाचा हक्क घेतला. मग हातांना करडांची कातडी बांधली, एसावाचं सोंग घेतलं आणि आंधळ्या बापाचा आशीर्वाद लाटला. एसाव जिवावर उठला, तेव्हा आईनं याला मामाकडे पिटाळलं. वाटेत अंधार पडला. उशाला दगड घेऊन तो उघड्यावरच झोपला. त्या रात्री त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसली. सकाळी उठून त्यानं त्या जागेला बेथेल म्हटलं. तोवर त्यानं कुणाची क्षमा मागितलेली नव्हती. प्रवचनात इथं फारसं कुणी थांबत नाही.

(विहीर. रहाटाचा आवाज. मग गावातली गल्ली.)

जालन्याच्या बेथेलमागेही दोन भावांची गोष्ट आहे. 1843, मुंबई. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, पण तो अजून लहान होता. वडील कोर्टात गेले. कोर्टानं मुलगा बापाच्या हवाली केला. पण वाद तिथं मिटला नाही. मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. आम्ही ख्रिस्ती असलो तरी या माणसाला इथं नमस्कार करायलाच हवा.

एक भाऊ घरी परतला, एकाला घर उरलं नाही. त्या आईबापांवर काय गुजरलं असेल, ते कुणी लिहून ठेवल्याचं आम्हाला दिसलं नाही. हे भांडण देवालाच हवं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण घर तुटलेला नारायण पुढे जालन्याला आला. तेव्हा हा मुलूख निजामाचा. दिवाण सर सालारजंगांच्या काळात सरकारकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर वस्ती उभी राहिली. तिथं आलेल्यांत मांग आणि महार समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती, गावकुसाबाहेर जन्म काढलेली. त्यांच्या वस्तीला नाव मिळालं, देवाचं घर.

(मावशींचे हात. जुनं बायबल. खूण म्हणून घातलेलं एसटीचं पिवळट तिकीट.)

उद्याच्या भक्तीचा पाठ उत्पत्तीचा 33वा अध्याय. याकोब लंगडत परततोय आणि समोरून एसाव येतोय, 400 माणसं घेऊन. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. एसाव धावत सुटतो.

मावशी चष्मा पुसतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात.