जागा बदलून मागणारं गाणं

मंडळी, केट बुश या ब्रिटिश गायिकेचं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणं ऑगस्ट 1985 मध्ये आलं. तेव्हा ती 27 वर्षांची होती. तुमच्या घरच्या मुलांना ते माहीत आहे ते 2022 पासून. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ते वाजलं आणि 37 वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं; पहिल्या वेळी ते तिसऱ्यापर्यंतच पोचलं होतं. मालिकेतल्या मुलीचा जीव या गाण्यामुळे वाचतो, म्हणून पुष्कळांना ते धीराचं गाणं वाटतं. तसं ते आहेही. पण केटनं ते लिहिलं एकमेकांवर जीव असलेल्या बाई-पुरुषाबद्दल. दोघांना थोडा वेळ एकमेकांच्या जागी राहता आलं तर दोघंही चकित होतील, असं तिचं म्हणणं. हे घडवून आणायला ती देवाशी सौदा करू बघते. गाण्याला नावही सौद्याचंच द्यायचं होतं, पण नावात देव आला तर धार्मिक वळणाच्या देशांतले रेडिओवाले ते वाजवणार नाहीत, अशी रेकॉर्ड कंपनीला धास्ती वाटली.

‘तू मला समजून घेत नाहीस’ असं म्हणणाऱ्या गाण्यांना तोटा नाही. इथे तसा आरोप नाही. आपण दोघंही न ठरवता एकमेकांना दुखावतो, एवढं ती मान्य करते. ‘मला तुझं कळलंय’ असा दावाही ती करत नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे बाईच्या जागी पुरुषानं उभं राहण्याची परंपरा मोठी आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटक मंडळीत 1905 मध्ये बालगंधर्व आले, आणि ते जसं नेसायचे तसं घरोघरच्या बायका नेसायला लागल्या. बालगंधर्वांचं गाणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यावर माझं प्रेम आहे. तरी सांगते, ती अदलाबदल एकतर्फी होती. पुरुषाला बाईच्या जागी जाता येत होतं, घरंदाज बाईला मात्र रंगमंचावर तिच्या स्वतःच्या जागीही उभं राहता येत नव्हतं.

कन्नडमध्ये जेडर दासिमय्या या जुन्या शिवभक्त संतकवींचं एक वचन, म्हणजे छोटी भक्तिकविता, आहे. छाती आणि लांब केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढी-मिशा दिसल्या की पुरुष. आतला आत्मा यांपैकी कोणीच नाही, असं ते आपल्या देवाला, रामनाथाला, सांगतात. दासिमय्या हा भेदच पुसून टाकतात. केटच्या गाण्यात भेद आहे, तो रोज बोचतो, म्हणून तर पलीकडे जाऊन बघायचं आहे. संसारात असलेल्या माणसाला केटचं म्हणणं जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

दासिमय्या विणकर होते. आपल्या वडगावातल्या एका विणकराच्या घरी माझं येणं-जाणं आहे. दोन यंत्रमागांच्या खडखडाटात साधं बोललेलं ऐकू येत नाही, नवरा-बायको ओरडून नाहीतर हातवारे करून बोलतात. तो मागावर, ती कांड्या भरायला, म्हणजे मागाला लागणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. मध्यंतरी त्याचा पाय मुरगळला. उभं राहता येईना, तेव्हा ती मागावर गेली आणि तो कांड्या भरायला बसला. हाक मारली तरी हा ओ देत नाही, हा तिचा जुना राग. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, सांधायचं, आणि तेवढ्या वेळात नजर हलवता येत नाही, हे तिला तिथं उभं राहिल्यावर कळलं. आणि त्याला कळलं की कांड्या भरताना शिजणारा भात, दारातला दूधवाला, नळाला आलेलं पाणी, सगळ्यासाठी बसल्या जागेवरूनच उठावं लागतं. वर कांडी संपली की मागावरून ओरडा व्हायचा, तो त्याचाच. ‘मला वाटायचं, ही बसूनच असतीया,’ असं तो मला म्हणाला. पाय बरा झाल्यावर दोघं आपापल्या कामाला लागले. भांडणं अजून होतात, पण ओ न दिल्यावरून होत नाहीत.

आता गाणं लावते. पाच मिनिटांचं आहे. शब्द सुटले तरी हरकत नाही, खालचा ताल धरून ठेवा. शेवटाकडे एक जाड, खर्जातला आवाज येईल. तो तिचाच आहे, यंत्रानं खाली उतरवलेला. तिथे कान द्या.