वीस अक्षरांची ओळख

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कच्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा जगभरच्या बँकांना एका साध्या प्रश्नाचे उत्तर लवकर सापडेना: लेहमनच्या नेमक्या कोणत्या कंपनीकडून आपले किती येणे आहे? समूहात शेकडो कंपन्या होत्या, नावे एकमेकींशी मिळतीजुळती होती, आणि एकाच कंपनीचे नाव कुठे संक्षिप्त, कुठे पूर्ण, कुठे जुन्याच रूपात नोंदलेले होते. खासगी माहितीपुरवठादारांचे संकेतांक होते खरे. पण प्रत्येकाचा वेगळा, आणि अनेकदा परवाना शुल्क भरूनच वापरता येणारा.

प्रत्येक कंपनीला जगभर सर्वत्र चालणारा एकच क्रमांक हवा, ही मागणी नियामकांइतकीच बाजारातूनही आली. अमेरिकेतील रोखे उद्योगाची संघटना सिफ्मा हिने इतर संघटनांना बरोबर घेऊन २०११ मध्ये अशा क्रमांकाकडून असलेल्या अपेक्षा लेखी मांडल्या. एरवी एकमेकांचे ग्राहक ओढणाऱ्या संस्था नावाच्या प्रश्नावर एकत्र बसल्या, हे या इतिहासातले आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. जी-२० देशांनी पाठिंबा दिला, २०१२ मध्ये या क्रमांकाचे आयएसओ १७४४२ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे या क्रमांकांची व्यवस्था पाहणारी ग्लाइफ ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

हा क्रमांक म्हणजे लीगल एन्टिटी आयडेंटिफायर, अर्थात एलईआय. त्यात वीस अक्षरे व अंक असतात. पहिली चार क्रमांक देणारी संस्था सांगतात. शेवटचे दोन अंक गणिताने काढलेले असल्यामुळे टंकनातली चूक तिथेच पकडली जाते. मधल्या भागाला जाणीवपूर्वक काहीही अर्थ ठेवलेला नाही, कारण कंपनीचे नाव, शहर किंवा मालक बदलला तरी क्रमांक तोच राहायला हवा. क्रमांकासोबतची कंपनीचे नाव, पत्ता आणि तिची मालक कंपनी यांची नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते.

भारतात क्रमांक देण्याचे काम मुंबईतील क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची उपकंपनी करते, आणि तिने दिलेले क्रमांक ३३५८ ने सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून डेरिव्हेटिव्ह्ज (व्याजदर, चलन अशा दुसऱ्या गोष्टीवर मूल्य ठरणारे करार) व्यवहारांसाठी आणि मोठ्या कर्जदारांसाठी टप्प्याटप्प्याने हा क्रमांक बंधनकारक केला; १ एप्रिल २०२१ पासून व्यक्ती वगळता इतरांनी आरटीजीएस किंवा एनईएफटीने ५० कोटी रुपये वा अधिक रक्कम पाठवताना तो द्यावा लागतो.

नोंदीचे नूतनीकरण मात्र दरवर्षी करावे लागते. ते राहून गेले, तर क्रमांक कायम असतो, पण त्यापुढे नोंद कालबाह्य झाल्याचा शेरा येतो, आणि नोंदीत दाखवलेली मालक कंपनी आजही तीच आहे का, हे पाहणाऱ्याला पुन्हा विचारत बसावे लागते.